खरपूस

“लगेच पिऊ नकोस, मावशी. जरा बसू दे तिला.”

भाच्याने ग्लास माझ्यापुढे ठेवला आणि समोरच्या उंच स्टुलावर जाऊन बसला. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात, पोहे खरोखर स्वतः केलेली मुलगी जशी इकडेतिकडे बघत सगळं लक्ष बशीवरच ठेवून असते, तसा. ग्लास पोटाशी फुगीर, तोंडाशी निमुळता. आत काळंभोर पेय आणि वर दोन बोटं फेस. फेस पांढरा नव्हता. बासुंदी आटत आली की पातेल्याच्या कडेला जो रंग धरते, तो रंग होता. मी कान जवळ नेला तर फेसातून अगदी बारीक चुरचुर ऐकू आली, लांब कुठे तरी कुणी फोडणी घातल्यासारखी.

“आता उजेडाकडे धर.”

दुपारचे चार वाजले होते. पब उघडायला अजून वेळ होता, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या आणि पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट आमच्या टेबलावर येत होतं. मी ग्लास उचलला. मला वाटत होतं, काळं ते काळंच. पण तळाशी, जिथे काच अरुंद होते, तिथे उन्हाने वाट काढली होती आणि तेवढीच कड कोकमाच्या आगळासारखी लाल दिसत होती.

“स्टाउट काळी नसतेच,” तो म्हणाला. “खूप म्हणजे खूप लाल असते.”

मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. सदाशिव पेठेतल्या ज्या वाड्यात वाढले, तिथे दारू या विषयाला एकच नियम होता: विषय काढायचा नाही. माझी बहीण तो नियम अजून पाळते. मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की ती सांगते, “फूड टेक्नॉलॉजीत आहे.” खोटं नाहीच म्हणा. आपल्या राज्याचा कायदाही थोडा माझ्या बहिणीच्याच वळणावर गेला आहे. 1949 चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे, त्यानुसार पिणाऱ्याजवळ परवाना असायला हवा. आणि त्याच राज्यात, मागच्या टाकीत तयार झालेली बिअर पुढच्या टेबलावर ताजी ताजी मिळते. विषय काढायचा नाही, एवढंच.

महिन्याभरापूर्वी त्याचा फोन आला होता. “मावशी, आजी कॉफीत जायफळ किती घालायची?”

“अंदाजाने.”

“अंदाज म्हणजे किती ग्रॅम?”

मी हसले. मग डोळे मिटून आईचा हात आठवला. “कपाला किसणीवर तीनदा. चौथ्यांदा घासलं की पाहुणे बसल्या जागी पेंगायला लागतात.”

पलीकडे तो लिहून घेत होता. 500 लिटरच्या टाकीला तीनदा घासण्याचा हिशोब तो कसा बसवणार होता कुणास ठाऊक. पण त्याने तो बसवला, आणि पहिला ग्लास माझ्यापुढे ठेवला.

ग्लासापर्यंत पोचण्याआधी त्याने मला मागची बाजू दाखवली होती. स्टीलच्या उंच टाक्या, ओली फरशी, नळ्या आणि एका कोरड्या कोपऱ्यात रचलेल्या गोण्या. बिअर म्हणजे काही तरी रासायनिक, कारखान्यातच जन्मणारं, अशी माझी समजूत. गोण्या बघून ती पहिल्यांदा हलली. त्याने एकेका गोणीतले चार-चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले. “खा.”

पहिला दाणा फिका. चावला तर कुरकुरीत आणि गोडसर, थेट नाचणीच्या सत्त्वाच्या चवीचा. आणि तो होताही तसाच. सातू भिजवायचे, मोड आणायचे आणि मोड फार वाढायच्या आत वाळवून त्यांना थांबवायचं. मोड येताना दाण्यात जे जागं होतं, तेच पुढे गरम पाण्यात पिठाची साखर करतं. तान्ह्या बाळासाठी नाचणी फडक्यात बांधून मोड आणणारी, सावलीत वाळवून दळणारी प्रत्येक बाई हेच करत आली आहे. तिला फक्त ‘माल्ट’ हा शब्द कुणी सांगितला नव्हता.

दुसरा दाणा तपकिरी, चहात बुडवायच्या बिस्किटाच्या चवीचा. तिसरा तांबूस, त्यात काकवी होती. चौथा गडद. त्याला चॉकलेट माल्ट म्हणतात, पण चॉकलेटचा त्याच्याशी संबंध नाही. सातूच भाजत भाजत त्या चवीपर्यंत नेलेले असतात. पाचवा मात्र कोळशासारखा. मोड न आणता तसेच भाजलेले सातू. तो चावताच सगळं तोंड कोरडं पडलं आणि जिभेवर राखेची चव आली.

“सगळे एकदमच का नाही भाजत?” मी विचारलं आणि विचारता विचारताच ओशाळले. थालीपिठाची भाजणी कुणी एकदम भाजतं का? बाजरी वेगळी, ज्वारी वेगळी, हरभऱ्याची डाळ वेगळी, उडीद वेगळे, धणे-जिरे सगळ्यात शेवटी आणि मंद आचेवर. ज्याची त्याची वेळ असते. एकत्र टाकले तर डाळ कच्ची राहते आणि धणे जळून जातात. भाजताना एकेकटे, दळताना एकत्र. माझा भाचा ज्याला ‘ग्रेन बिल’ म्हणत होता, ती भाजणीच होती. फक्त तिचं थालीपीठ न लावता तिला प्यायचं होतं.

बाकीची कृती त्याने भराभर सांगितली. भरडलेले दाणे 66-67 अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचे. पिठाची साखर होते. तो गोड काढा गाळून घ्यायचा, चोथा गोठ्यात पाठवायचा. काढा तासभर उकळायचा, त्यात हॉप्सची कडू फुलं घालायची. मग निववून यीस्ट सोडायचं, की आठ-दहा दिवस टाकी स्वतःशीच फसफसत राहते. “आंबोळीचं पीठ,” मी म्हणाले. “आंबोळीचंच पीठ,” तो म्हणाला, “फक्त झाकण पक्कं.”

या पेयाचं मूळ नाव स्टाउट नव्हतं. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये बंदरावर आणि बाजारात ओझी वाहणाऱ्या पोर्टर लोकांची, आपल्या भाषेत हमालांची, ही बिअर. म्हणून तिचं नावच पोर्टर पडलं. त्यातली जी जास्त जोरकस, ती ‘स्टाउट पोर्टर’, म्हणजे दणकट पोर्टर. पुढे हमाल गळून पडला आणि दणकटपणा तेवढा नावात उरला. डब्लिनमध्ये आर्थर गिनेस नावाच्या गृहस्थाने 1759 मध्ये एक जुनी ब्रुअरी वर्षाला 45 पौंडांवर भाड्याने घेतली, तीही 9000 वर्षांच्या कराराने. आमच्या पेठेतल्या पागडीच्या भाडेकरूंनाही हेवा वाटेल असा हा भाडेपट्टा! त्याच्या घराण्याने पुढे ही काळी बिअर जगभर नेली.

पण मला या इतिहासात सगळ्यात आवडला तो डॅनियल व्हीलर. त्याच्या आधी गडद रंगासाठी माल्ट सरळ भट्टीत जास्त तापवायचे. दाणे कुठे कच्चे राहायचे, कुठे जळायचे, आणि जळाऊ लाकडाचा धूरही त्यांत शिरायचा. व्हीलरने 1817 मध्ये एका यंत्राचं पेटंट घेतलं. जाळावर गोल फिरणारं लोखंडी पिंप, कॉफी भाजायच्या पिंपाच्याच जातीचं. जाळ बाहेर, दाणे आत, आणि सगळे सारखे हलते. त्यात दाणा हवा तेवढा काळा करता येऊ लागला, आणि मूठभर काळ्या दाण्यांनी टाकीभर फिका काढा रंगवता येऊ लागला. म्हणजे आज कुणी स्टाउटमध्ये कॉफी घातली, तर दोन परक्यांची गाठ घालून दिली असं होत नाही. एकाच पिंपातून निघालेल्या चुलत बहिणींची ती भेट आहे.

ही काळी बिअर आपल्या देशातही आली होती, पण आपल्यासाठी नव्हे. गोऱ्या शिपायांसाठी पोर्टरची पिंपंच्या पिंपं जहाजांवरून इकडे यायची. नाशिकजवळच्या देवळालीला त्यांची मोठी छावणी होती. मुदत संपलेले शिपाई तिथे मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिने काढायचे. ऊन, ताप आणि काम काही नाही. त्यातून इंग्रजीत एक शब्दच तयार झाला: डूलाली, म्हणजे डोकं फिरलेला. गंमत अशी की 2009 मध्ये पुण्यात जी मायक्रोब्रुअरी निघाली, तिने आपलं नाव तेच ठेवलं. आमचं देवळाली विलायतेला जाऊन वेडं झालं, आणि बिअर होऊन पुण्यात परत आलं!

मराठीत भाजण्याच्या वाटेवर तीन मुक्काम आहेत. पहिला खमंग. तिथे पदार्थाचा वास घरभर होतो, शेजारीण डोकावते, पण रंग अजून सोनेरीच असतो. दुसरा खरपूस. इथे रंग गडद होतो, वास आत वळतो, गोडाच्या पोटात थोडा कडवटपणा येतो आणि चावताना दाताला जरा विरोध होतो. तिसरा करपट. तिथे गेलेलं काही परत येत नाही. खमंग आणि खरपूस यांच्यात ऐसपैस जागा आहे, माणूस रमतगमत जाऊ शकतो. खरपूस आणि करपट यांच्यात मात्र उलथन्याच्या दोन फेऱ्यांचं अंतर असतं. स्वयंपाकातलं सगळं शहाणपण त्या दोन फेऱ्यांत आहे.

लुई-कामीय माइयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये या वाटेचा नकाशा काढायला सुरुवात केली. उष्णता लागली की धान्यातली साखर आणि प्रथिनांचे तुकडे एकमेकांत मिसळतात आणि त्यातून रंग आणि शेकडो वास जन्माला येतात. भाकरीवरचे डाग, पावाची पाठ, कॉफीची बी, काळा मसाला, सगळे त्याचेच. वाट कुठे सुरू होते हे त्याने सांगितलं. कुठे थांबायचं हे मात्र कुठल्याही सूत्रात बसत नाही. माल्ट भाजणारे शेवटच्या क्षणी पिंपात पाण्याचा फवारा मारतात. आमच्याकडे कढई उचलून मसाला परातीत ओततात. दोन्हीकडे घाई सारखीच. कढई खाली उतरवली तरी तिच्या अंगची धग भाजत राहते, हे विसरून चालत नाही.

जोसेफ लोव्हिबाँड नावाच्या इंग्रज ब्रुअरने 1880 च्या दशकात रंगीत काचांचे तुकडे करून बिअरचा रंग मोजायची पद्धत काढली. त्याच्या नावाचे अंश अजून माल्टच्या गोण्यांवर छापतात. भाच्याने मला ते दाखवले. माझ्या मनात आलं, रंगाला आकडा आहे. वासाला नाही. आई नेमकं उलटं शिकवायची: मसाला डोळ्यांनी भाजू नये, रंग फसवतो. नाकाने भाजावा.

कॉफी आमच्या घरात रोजची नव्हती. रोज चहा. कॉफी म्हणजे काही तरी निमित्त: रात्री उशिरा आलेले पाहुणे, गाण्याची बैठक, दुखण्यातून उठलेलं माणूस. ताजी दळून आणलेली पूड, त्यात थोडी चिकोरी, भरपूर दूध, त्याहून भरपूर साखर, वेलची आणि शेवटी गॅस बंद करून जायफळ. दाक्षिणात्य शेजाऱ्यांना ही कॉफी खिरीत जमा वाटायची. मला त्यातला विरोधाभास आता कळतो. कॉफी जागं ठेवायला आणि जायफळ झोपवायला. एकाच कपात दोघी. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. तान्ह्या भाच्याला गुटीत जायफळाचे दोन वेढे मीच सहाणेवर उगाळून देत असे. ते त्याला आठवत नाही. जिभेला आठवत असेल.

सूफी फकीर बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी कथा सांगतात. त्या डोंगरांना आजही त्यांचंच नाव आहे. भाच्याची कॉफी त्याच बाजूची. ती त्याने हलकीच भाजून घेतली. “काळेपणा सातूंचा पुरेसा आहे. कॉफीकडून मला फळ हवं होतं,” तो म्हणाला. जाडसर दळून रात्रभर थंड पाण्यात ठेवली, म्हणजे कडूपणा मागे राहतो आणि सुवास पाण्यात उतरतो. बिअर आंबून शांत झाल्यावर ते पाणी तिच्यात मिसळलं. मसाले वेगवेगळ्या बरण्यांत व्होडकात मुरवले. मग एकेक पेला बिअर घेऊन त्यात ड्रॉपरने थेंब थेंब घालून चाखत गेला. तीन थेंब कमी, चार ठीक, पाच जास्त. किसणीवर तीनदा, चौथ्यांदा नाही. आजीचा अंदाज त्याने असा पकडला.

“पण बिअरमध्ये मसाला म्हणजे भ्रष्टाकार नाही का?” मी मुद्दाम विचारलं.

“चॉसरने चौदाव्या शतकात जायफळ घातलेल्या एलचा उल्लेख केलाय, मावशी. आपण उशीरच केला.”

मग मी पहिला घोट घेतला.

आधी फेस ओठांना लागला, जाड आणि गार, सायीसारखा. त्याच्याखालून पेय आलं ते माझ्या कल्पनेपेक्षा पुष्कळ सौम्य. इतकं काळं काही तरी तोंडात जाताना माणूस नकळत सावरून बसतो. आणि ते आलं ओट्सच्या पेजेसारखं मऊ. त्यात ओट्स घातलेलेच होते, तोंड भरून राहावं म्हणून. सगळ्यांत आधी कॉफी. पण कपातली नव्हे, डबा उघडल्याबरोबर येते ती. मागोमाग काकवी. मग एकदम कोरडेपणा आला आणि गोड पुसून गेला, पाटीवर ओलं फडकं फिरवावं तसा.

“काय लागलं?”

“थांब रे.”

दुसऱ्या घोटाला घाई केली नाही. फेसाने ग्लासाच्या आतून पहिल्या घोटाचं एक कडं सोडलं होतं. बिअर गारेगार नव्हती. तो म्हणाला होता, गारठ्यात चव आखडते. बारा-तेरा अंशांना स्टाउट हातपाय पसरते. मी ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसले, थंडीत कॉफीचा पेला धरतात तसा. आणि खरंच, जसजशी तिला माझ्या हातांची ऊब लागत गेली तसतशी ती बोलू लागली. वेलची नाकाच्या शेंड्याशी येऊन गेली, गर्दीत ओळखीचं कुणी हात करून जावं तशी. दालचिनी गोडाच्या मागे उभी होती. ती दिसली नाही, तिचं ऊबदार असणं तेवढं जाणवलं. जायफळ मात्र आलं ते घरच्यासारखं. घोट गिळून झाल्यावर, श्वास बाहेर सोडताना. त्या श्वासात आमच्या वाड्यातली रात्र होती. पितळी चाळणी, ओल्या पदराला पुसलेला आईचा हात, माजघरात तंबोऱ्यावर खोळ चढवणारे कुणी काका आणि “कॉफी झाली का हो वहिनी?” हा आवाज.

मी सांगितलं त्याला. तो खूश झाला. पण त्याची नजर अजून माझ्या चेहऱ्यावरच होती, पोहे अजून संपले नव्हते.

तिसऱ्या घोटाला ते लागलं. सगळ्यांच्या मागे, जिभेच्या पार मुळाशी, जायफळही विरून गेल्यावर. मातीचं, ओल्या दगडाचं, पावसाळ्यातल्या सालपटाचं काही तरी. आणि त्याच्या कडेला एक कडवट, जळकी रेघ.

“दगडफूल घातलंस?”

“ओळखलंस!” तो स्टुलावरून उतरलाच. “मूठभर. आधी थोडं तेलाविना भाजून. मावशी, काळ्या मसाल्याचा जीव दगडफुलात असतो, हे तूच म्हणतेस ना?”

मी म्हणते खरी. पण मी त्या वेळी दगडफुलाचा विचार करत नव्हते. त्या रेघेचा करत होते.

2001 चा मे महिना. वाडा पाडून फ्लॅट झाले होते आणि आई तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात वर्षाचा काळा मसाला भाजायची. धणे, तीळ, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, शहाजिरं, नागकेशर, तमालपत्र, दगडफूल. मी बँकेतून परतले तर जिन्यातच वास आला. दुसऱ्या मजल्यावर मी पायऱ्या धावत चढायला लागले. दार उघडंच होतं. घरात धूर, आणि आई कढईपुढे शांत उभी, उलथनं फिरवतेय. घाई नाही, घाबरणं नाही. मला बघून तिने कढईवर वाकून नाक जवळ नेलं. दोनदा, तीनदा. मग सरळ होत म्हणाली, “झाला का गं? मला आज कळतच नाहीये.”

मी गॅस बंद केला. परातीत ओतला. धणे काळे पडले होते, खोबऱ्याच्या कडा कोळसा झाल्या होत्या.

“करपला का?” तिने विचारलं.

दूध उतू जाऊन करपून जायचं आणि ती पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसलेली असायची. उदबत्ती विझली की पेटती आहे ते ती हल्ली हात लावून बघायची. सहा महिने जे दिसत होतं ते मला त्या क्षणी समजलं. जिने आम्हाला नाकाने भाजायला शिकवलं, तिचं नाकच गेलं होतं.

“नाही गं,” मी म्हणाले. “खरपूस झालाय.”

तो मसाला टाकायचा प्रश्नच नव्हता. टाकला असता तर तिला कळलं असतं. कांडपावर नेला, कुटून आणला, बरण्यांत दाबून भरला. ते वर्षभर आम्ही तोच खाल्ला. आमटीत, भरल्या वांग्यात, मसालेभातात, सगळीकडे शेवटी ती जळकी रेघ. गूळ चिमूटभर वाढवला, चिंच वाढवली, खोबरं वाढवलं. रेघ गेली नाही. जेवताना कुणी काही बोललं नाही. पुढच्या उन्हाळ्यात आई म्हणाली, पाय फार दुखतात, मसाला आता तू कर. तिने तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. ती मसाल्याविषयी पुन्हा कधी बोललीही नाही. ते खोटं तिने कधी ओळखलं, की त्या दिवशी जिन्यातल्या माझ्या धावत्या पावलांवरूनच ओळखलं होतं, हे मी आजवर स्वतःला विचारत आले आहे.

“मावशी, एक सांगू?” भाचा म्हणत होता. तो आता माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला होता. “कॉफी, जायफळ वगैरे सगळं झालं. पण मला मुळात हवी होती ती आजीच्या आमटीची चव. मी पहिलीत असताना आईची बदली झाली आणि मी वर्षभर तुमच्याकडे होतो, आठवतं? रोज आमटीभात. तिच्या आमटीत शेवटी एक असं कडवट यायचं, इथे,” त्याने गळ्याच्या वरच्या टोकाला बोट लावलं, “गोड संपलं की. तुझ्या मसाल्यात ते येत नाही. चिडू नकोस, तुझा छान असतो. पण ते येत नाही. कुणाच्याच मसाल्यात आलं नाही. चार बॅच केल्या मी. काळे दाणे वाढवले, कमी केले, दगडफूल भाजून बघितलं, न भाजता बघितलं. या वेळेला जवळपास आलोय असं वाटतं.”

मी ग्लासाकडे बघत राहिले. आत फेसाची तीन कडी एकाखाली एक सुकत होती.

तो सात वर्षांचा होता. त्याच्यासाठी आजीचा मसाला म्हणजे तोच. आधीचे चाळीस वर्षांचे मसाले, ज्यांच्यासाठी शेजारपाजारच्या बायका वाटी घेऊन यायच्या, ते त्याने चाखलेच नव्हते. ज्या वर्षाची मला लाज वाटत आली, आईची म्हणून आणि माझ्या खोट्याची म्हणून, ते वर्ष त्याच्या जिभेवर आजीचं नाव लावून बसलं होतं. आम्ही गूळ घालून घालून जी रेघ पुसायला बघत होतो, ती हा मुलगा पंचवीस वर्षांनी, गोणीवरचे आकडे वाचत, थेंब मोजत परत काढत होता. आणि त्याने ती काढली कुठे? काकवीच्या आणि जायफळाच्या मागे, ओट्सच्या मऊपणात, जिथे ती आगंतुक वाटत नव्हती. तिच्यावाचून ते सगळं नुसतंच गोड झालं असतं.

सांगावं का त्याला? क्षणभर जिभेवर आलं होतं. पण कुणाच्या तरी आठवणीतल्या चवीला चूक म्हणायचा अधिकार मला कुणी दिला? आईने त्या दिवशी जे केलं ते करपलेलं होतं, हे खरं. त्याने पानात घेतलं ते आजीने वाढलेलं होतं, हेही तितकंच खरं. कढई उतरवल्यावरही तिच्या अंगची धग भाजत राहते, हे आईचंच वाक्य. त्या धगीत पंचवीस वर्षं पडून राहिलेली गोष्ट आता कुठल्या मुक्कामाला आली आहे, ते माझं मलाच बघायचं होतं.

मी पुन्हा ग्लास उचलला. आता बिअर कोमट होत आली होती आणि फेस बसून नुसती एक पातळ साय राहिली होती. ऊन खिडकीतून खाली उतरलं होतं, त्यामुळे तळाची लाल कड दिसत नव्हती. ती तिथे आहे हे मला आता माहीत होतं. मी घोट घेतला आणि वाट बघितली. कॉफी गेली. काकवी गेली. वेलची, दालचिनी. श्वासाबरोबर जायफळ. आणि मग ती आली. अगदी कडेला, दोन फेऱ्या अलीकडे.

“करपट लागतंय का?” त्याने विचारलं. “खरं सांग हं.”

“नाही रे,” मी म्हणाले. “खरपूस झालीये.”

आणि उरलेला घोट कितीतरी वेळ तोंडात तसाच धरून ठेवला.